साडीच्या घडीतला दांडा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आमच्या यार्डाचं गणपतीआधीचं पेण होतं. सगळ्यांना आपापली मूर्ती, म्हणजे बोट, एकाच दिवशी हवी असते. ईस्टरची सुट्टी तोंडावर आलेली, थंडीभर दोरांना बांधून पडलेल्या बोटी अचानक मालकांना आठवतात, आणि सकाळी आठपासून फोन सुरू होतात.

मी मूळचा चिंचवडचा, डिझेल मेकॅनिक. बायकोला इथल्या सरकारी रुग्णालयात नर्सची नोकरी लागली, तिच्या मागोमाग मी आलो. यार्ड पश्चिम लंडनमध्ये, साऊथॉलजवळ, ग्रँड युनियन कालव्याच्या काठावर. गावी कोणी विचारलं आणि मी ‘कालव्यातल्या बोटी दुरुस्त करतो’ म्हणालो, की समोरचा जरा वेळ गप्पच होतो. आपल्याकडे कालवा म्हणजे पाटबंधारे खातं, पाळीचं पाणी आणि बांधावरची भांडणं; त्यात बोट कुठून आली? इथले कालवे शेतीसाठी खणलेलेच नाहीत. कोळसा, विटा, लाकूड वाहून नेण्यासाठी खणले, आणि काठावरून घोडे त्या बोटी ओढायचे. आमच्या जवळून पॅडिंग्टनला जाणारा फाटा १८०१ साली सुरू झाला. आता घोडेही नाहीत नि कोळसाही नाही. निवृत्त माणसं चहाचे मग घेऊन ताशी चार मैलांच्या आत निवांत फिरतात.

त्या दिवशीची बोट अशाच एका जोडप्याची. ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद. आपल्या एसटीच्या दीडपट लांब आणि तिच्याहूनही अरुंद. ही रुंदी हौसेची नाही. मिडलंड्समधली, म्हणजे मध्य इंग्लंडातली, कितीतरी लॉक्स (बोट वर-खाली चढवणारी दारांची पाणकुंडं) जेमतेम सात फुटी आहेत, बोटीला त्यांत मावावंच लागतं. त्या दोघांना तिकडच्या ब्रॉन्स्टन गावापर्यंत जायचं होतं आणि पुढे जमेल तसं उत्तरेला.

थंडीनंतर बोट जागी करणं म्हणजे बंद घर उघडण्यासारखंच. काय बिघडलंय ते घरच सांगतं, आपण ऐकायचं. टाकीत पाणी भरून पंप सुरू केला, नळ सगळे बंद, तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी पंप ‘टक्’ करून एकदा फिरायचा. म्हणजे कुठेतरी गळतंय. शॉवरच्या मागचा एक प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, गोठून तडकला होता. डिझेलची टाकी त्या जोडप्याने अर्धीच ठेवली होती, रिकाम्या भागात थंडीभर दव धरलं, आणि फिल्टरच्या वाटीत डिझेलखाली बोटभर पाणी साचलेलं. बॅटऱ्या १२.२ व्होल्टवर, म्हणजे निम्म्या. हे सगळं नेहमीचंच, एक-दोन दिवसांचं काम.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती नडली. तेल बदलताना माझ्या हातून अर्धा लिटर जुनं तेल इंजिनाखाली सांडलं. पुसलं, पण तवंग राहिला. मागच्या बिल्ज पंपाला, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला, तरंगता स्विच असतो, पाणी वाढलं की तो आपोआप सुरू होतो आणि सगळं कालव्यात फेकतो. तेलाचं पाणी कालव्यात टाकणं गुन्हा आहे. म्हणून मी तो पंप बंद केला. बरोबरच केलं. फक्त तो बंद आहे हे कामाच्या कार्डावर लिहिलं नाही.

दुपारी चाचणीची फेरी निघाली. सुकाणूवर आमच्या यार्डाचे मालक. वय अडुसष्ट, पण यार्डात सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ सहा महिने रेटली नाही, अजूनही अडखळते. काउलीपासून नॉरवूडपर्यंत एकही लॉक नाही, पाणी सपाट, त्यामुळे आमच्या फेऱ्या सोप्या. बुल्स ब्रिजला कालव्याचा फाटा फुटतो तिथे बोट वळवायची आणि परत यायचं.

पुलाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज जड झाला. काळा धूर आला, डेक पायाखाली थरथरू लागला, वेग मात्र मिळेना. प्रॉपेलरमध्ये काहीतरी अडकलं होतं. मालकांनी बोट काठाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. ते काम नेहमी माझंच.

इथे वीड हॅचबद्दल सांगायला हवं. बोटीच्या मागच्या डेकखाली, बरोबर प्रॉपेलरच्या वर, तळाला एक भोक असतं. मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकावर उभी लोखंडी पेटी, पेटीचं तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. बोट थांबलेली असेल तर झाकण काढलं तरी पाणी आत येत नाही. हात आत घालायचा, अडकलेलं काढायचं, झाकण परत बसवायचं, त्यावर आडवा दांडा टाकून स्क्रू आवळायचा. दांडा नसेल तर झाकण नुसतं टेकलेलं राहतं, आणि प्रॉपेलर फिरायला लागला की पाणी खालून झाकण उचलून थेट इंजिनाच्या खोलीत येतं. कालव्यावर बोटी बुडण्याच्या कारणांतलं हे अगदी जुनं कारण. बोट ताब्यात देताना नवख्या गिऱ्हाइकांना ही सूचना यार्डातर्फे मीच देतो: झाकण बसवलं की डेकची फळी उघडीच ठेवा, जागेवरच पुढे-मागे गिअर टाका, डोळ्यांनी बघा, मगच निघा. इंग्रजी कच्चं असलं तरी हे चार वाक्यांचं भाषण मला झोपेतही म्हणता येतं.

इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. ती खिशात घातल्याशिवाय मी आत हात घालत नाही, मालक शेजारी उभे असले तरी. खांद्यापर्यंतचे हातमोजे, कारण या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारा वाइल्स डिसीज असतो, म्हणजे पावसाळ्यात मुंबई-कोकणाला छळणारा आपला लेप्टोच. आणि पाव कापायची दातेरी सुरी. एवढ्या वर्षांत तिच्याइतकं चांगलं हत्यार मला मिळालेलं नाही.

दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी. दोर नव्हता, प्लास्टिक नव्हतं. कापड होतं, पण प्रॉपेलरच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, इतकं घट्ट गुंडाळलेलं की लाकूड वाटावं. कापत गेलो, लाल चिंध्या येत गेल्या. हात बधिर झाला की दुसरा हात. अर्ध्या-पाऊण तासाने एक टोक सापडलं, शाफ्ट हाताने उलटा फिरवत गेलो आणि उरलेलं कापड न फाटता सरसरत वर आलं. जरीचा काठ. पदर.

साडीच होती. या पट्ट्यात आपल्याकडच्या लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे देवाला सोडलेल्या साड्या आणि नारळ पाण्यात निघतात, नारळ तर आमच्या यार्डाला येऊन थडकतातच. पण या पदराच्या टोकाला गाठ होती. चिखलाने माखलेली, आत काहीतरी टणक.

मी झाकण पेटीवर ठेवलं. डेकची फळी खाली सोडली. शेजारी पडलेला सगळा ओला ढीग मांडीवर घेतला आणि ‘झालं’ म्हणालो. मालकांनी किल्ली मागितली, मी दिली. पाऊण तास गारठ्यात उभं राहिल्यावर त्यांनाही घाई होती. मी ढीग घेऊन केबिनमधून सरळ पुढे गेलो, सिंकपाशी, उजेडात.

गाठ नखांनी सुटेना. दाताने सोडवायचा मोह झाला, लेप्टो आठवला. सुरीच्या टोकाने उकलली. आत एक हळकुंड, काळी पडलेली सुपारी आणि एक रुपयाचं नाणं. तांदूळ असतील तर ते कधीच कुजून गेले. कोणाची, काही कळायला मार्ग नाही. गुजराती असेल, तमिळ असेल. पण हळकुंड-सुपारी एकत्र पाहिली आणि मला आमच्या घरातला चैत्र दिसला. आई ओटी भरताना हात जरा थरथरतात, ते दिसले. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. इंजिन चालू झालेलं, काठ खिडकीतून मागे सरकू लागलेला.

मग साडी पिळायला म्हणून मी ढिगाची घडी उलगडली आणि तिच्यातून वीड हॅचचा आडवा दांडा खणकन जमिनीवर पडला.

सतरा मीटर लांब आणि दोन माणसं शेजारून जाणार नाहीत अशा बोटीत पळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कोपर दाराला आपटलं, तोंडातून ‘न्यूट्रल!’ एवढंच बाहेर पडलं. मालकांनी गिअर काढला, इंजिन बंद केलं, आणि आम्ही दोघांनी फळी उचलली. इंजिनाखाली पाणी चढलेलं, वर माझ्याच तेलाचा सप्तरंगी तवंग, झाकण तिरकं सरकलेलं. पंप गप्प. त्याला मीच गप्प केलं होतं.

दांडा लावून स्क्रू आवळला. यार्डातून डबे मागवले आणि ते पाणी आम्ही बादल्यांनी उपसलं, चौदा बादल्या. गिअरबॉक्सचं तेल काढून पाहिलं, दुधाळ झालं नव्हतं. पाणी आत गेलं नव्हतं, सुटलो.

मालक बराच वेळ बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, “चहा टाक.” चहा होईपर्यंत त्यांनी काठावर उभं राहूनच गिऱ्हाइकाला फोन लावला, काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, एक दिवस उशीर होईल म्हणाले. पलीकडून बराच आवाज येत होता. फोन ठेवून माझ्यासमोर कामाचं कार्ड धरलं. त्यावर दोन नव्या ओळी होत्या: ‘बिल्ज पंप बंद’ आणि ‘वीड हॅचचा दांडा’. दोन्हींपुढे माझी सही घेतली.

रात्री आईला फोन केला. चुकीबद्दल आधी सांगितलं, साडीबद्दल नंतर. तिला उलट क्रमाने हवं होतं. “देवीला सोडलेलं घरात आणू नकोस,” म्हणाली. परत पाण्यात टाकता येणार नाही, दुसऱ्याच्या प्रॉपेलरला अडकेल, हे तिला पटवायला वेळ लागला. “मग झाडाखाली ठेव.” यार्डाच्या कुंपणाशी एक विलो आहे. हळकुंड, सुपारी, नाणं त्याच्या मुळाशी ठेवलं. चिंध्यांनी तेल पुसावं म्हटलं, पण कापड नायलॉनचं, तेल धरेचना. धुऊन कठड्यावर वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं. बाईंनी कठड्यावरची लाल पट्टी उचलून जरीवर अंगठा फिरवला आणि कशाची म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, छतावरच्या कुंड्यांत मी टोमॅटो लावणार आहे, बांधायला दोन पट्ट्या नेऊ का? मी मालकांकडे पाहिलं. ते डेकची फळी उचलून आत वाकले होते.

मग मी माझं भाषण सुरू केलं. झाकण बसवलं की फळी उघडीच ठेवा. नवरा अधूनमधून मान हलवत होता. बाई मात्र माझ्या हातातल्या दांड्याकडेच बघत होत्या, आणि मी तो जागेवर घालून आवळेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.