दाट टाके

एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन. शेतातली कामं उरकली की पावसाच्या आत बायका वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवून घ्यायच्या, तेव्हापासूनचे हे दिवस. आता लेकी आईची लुगडी पिशवीत घालून येतात आणि म्हणतात, "ताई, आठवण म्हणून शिवून द्या." हा शब्द दिवसातून इतक्यांदा कानावर पडतो की त्याचं मला काही वाटेनासं झालंय, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी आलेल्या बाईंनी मात्र अख्खी जुनी वाकळच आणली होती. आईच्या हातची. वरचं पातळ विरलेलं, कडा फाटलेल्या. वरून नवं लुगडं लावून हवं होतं. अशा कामात मी आधी उसवून बघते. आतलं कुजलं असेल तर वर कितीही चांगलं कापड घाला, पहिल्या धुण्यात टाके सुटतात. म्हटलं, बसा, तासाभरात सांगते.

आमच्याकडच्या मावशी ब्लेड घेऊन बसल्या. वाकळ कडेनं शिवत आणतात, चौकटीच्या आत चौकट, शेवटचा टाका मध्यात. उसवायचं उलट, मध्यातून बाहेर. शिवणारीचा हात चांगला होता. धावदोऱ्याच्या दोन ओळींत सगळीकडे बोटभर अंतर, टाका तांदळाएवढा. पण उशाकडच्या अंगाला वीतभर जागेत ओळी एकमेकींना अशा खेटलेल्या की ब्लेडचं टोक शिरेना.

"उंदरानं कुरतडलं असेल," मी म्हटलं.

"ठिगळ असतं तर वरनं दिसलं असतं की," मावशी म्हणाल्या. "ह्ये आतलं कायतरी हाय."

वरचं पातळ निघालं, खालचं धोतर निघालं, इरकलीचा एक तुकडा निघाला. त्याखाली खणाची कुंची. जांभळी. बाकी सगळं विटलेलं आणि हिचा रंग काल दुकानातून आणल्यासारखा. पाठीवरची झालर नीट पसरून, चुणी न् चुणी सारखी करून ठेवलेली. बंदांवर मात्र गाठीच्या सुरकुत्या होत्या. म्हणजे कुणाच्या तरी हनुवटीखाली ती बांधली गेली होती.

वाकळेत जुनं, मऊ सुती कापड घालतात. झालरीची जाड कुंची कुणी घालत नाही, अंगाला टोचते. आणि धड कुंची घरात पुढच्या बाळासाठी जपून ठेवतात.

"माझी असेल?" बाईंनी मलाच विचारलं. मी काय सांगणार! मग त्यांनी गावी आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आत्या, आईच्या वाकळेत कुंची निघालीय. कुणाची गं?"

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"तुजी न्हवं," आत्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तिनं शिवलीय न्हवं तितं? मग ऱ्हाऊ दे तितंच." आणि फोन ठेवला.

बाई कुंचीला हात न लावता बघत राहिल्या. "आम्ही तिघी बहिणी लहानपणी हीच वाकळ पांघरायचो," एवढंच म्हणाल्या. मावशींनी कुंची होती तशी, झालर त्याच बाजूला करून ठेवली, वर इरकलीचा तुकडा घातला आणि कडेनं टाचून टाकला. कापडात गुंडाळून कपाटात ठेवायला द्यायची का, असं मी विचारणार होते. बरं झालं, विचारलं नाही.

मी म्हटलं, "वरून एखादं फूल काढू का? जागा कळायला."

"नको. खूण नको."

ती वीतभर जागा मावशींनीच शिवली, दुसऱ्या कुणाला सुई लावू दिली नाही. दीड दिवस लागला. मजुरी मी नेहमीचीच घेतली. सूट दिली असती तर बाईंना ती नको असती.

न्यायला आल्या तेव्हा त्यांनी वाकळ टेबलावर पसरली आणि नव्या लुगड्यावरून तळहात फिरवला. पहिल्यांदा हात पुढे निघून गेला. मग मागे आला, आणि थांबला.