राणीछाप रुपया

बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातले १८०० रुपये आज मी दिग्रसच्या बाजारात एका नाण्यात घातले. १८६२ सालचा राणीछाप रुपया. आजीच्या पोतीत असाच एक होता, नापिकीच्या वर्षी मोडला. तो आठवला अन् पुढचं काही सुचलंच नाही.

येताना ओळखीच्या सोनाराकडे थांबलो. त्यांनी काट्यावर ठेवला. खरा चांदीचा रुपया भरतो ११.६६ ग्रॅम, जुना एक तोळा. हा भरला सव्वानऊ. मग भिंग माझ्या हातात दिलं. "भाऊ, साल पाह्यलं, राणीचं नाव नाही वाचलं काय?" मागे १८६२ अन् पुढे 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'! राणी सम्राज्ञी झाली १८७७ साली. त्याआधीच्या रुपयावर 'क्वीन' असते. पाच मिनिटं थांबून वाचलं असतं तर कळलं असतं, याचंच जास्त वाईट वाटते.

घरी आईला सगळं सांगितलं. बियाण्याला आता उसनवारी करावी लागेल, तरी ती रागावली नाही. नाणं पदराला पुसत म्हणाली, "माह्या सासूच्या रुपयाले कडी होती रे. घासू घासू राणीचं नाकच गेलं होतं."