डबी भरलेली आहे ना, मग झालं!

जुन्या पिकअपच्या मालकाला इंजिन ऑइल कधी बदललं ते किलोमीटरसकट पाठ असतं. ब्रेक ऑइलचं विचारा, "कमी झालं की टाकतो की!" बॉनेट उघडायचं, डबीत तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघायचं आणि धाडकन बंद करायचं. खरं तर डबीतली पातळी उतरते ती बहुधा पॅड झिजले म्हणून, नाहीतर कुठेतरी गळतंय म्हणून. त्यात वरून भर घातली की नवे पॅड बसवताना पॅड दाबणारा पिस्टन मागे जातो आणि तेल उतू जाऊन रंगावर पडतं.

मुद्दा पातळीचा नाहीच. ब्रेक ऑइलचा प्रकार डॉट ३ असो की डॉट ४, ही तेलं हवेतला ओलावा ओढतात. झाकणाच्या बारीक भोकातून, रबरी होजमधून. आपल्याकडचा पावसाळा त्यांना आयताच सापडतो. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हमी १५५ अंशांचीच. ओतूरहून कांदा भरून माळशेज उतरणाऱ्या गाडीत पुढच्या डिस्कची धग पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या तेलापर्यंत पोचते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ जातं. खाली गाडी तासभर उभी केली की ब्रेक पुन्हा ठणठणीत! मेकॅनिकला काही सापडत नाही, आणि मालकाला वाटतं आपल्यालाच भास झाला.

दोन वर्षांनी तेल बदलावं. एक लिटर आणा. सीलबंदच आणा, मागच्या वर्षीची अर्धी बाटली नको. चाकांपाशी तेल आणि हवा बाहेर काढायचे निप्पल गंजलेले असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. पाना रिंगचाच घ्यावा. फिक्स पान्याने कडा गोल होतात, आणि निप्पल तुटला तर त्या चाकाचा सिलिंडरच बदलायची पाळी येते.

डबीतलं काळ्या चहासारखं तेल सिरिंजने ओढून घ्या, नवं भरा. मग सहसा मागचं डावं चाक, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका. निप्पलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडालेलं. आत बसलेल्याने "दाबलं" म्हणायचं, खालच्याने निप्पल पाव आटा सैल करून परत आवळायचा, मगच "सोड". क्रम चुकला की हवा आत. पाच-सहा दाबांनंतर डबी बघत राहा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

पेडल पार तळाला नेऊ नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात आतला रबरी वॉशर एरवी जातच नाही, तिथे वर्षानुवर्षांचा गंज असतो. वॉशर त्यावर घासला की फाटतो. चांगला ब्रेक तेल बदलल्यावर बिघडला, ही तक्रार बऱ्याचदा यातूनच येते.

पुष्कळ पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ, माल किती आहे ते पाहून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाकं लोंबकळत ठेवून काम केलं तर त्याला गाडी रिकामी वाटते, म्हणून चाकं जमिनीवर, उटी लावून. जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटा टाकून घेणाऱ्यांचा तर हा व्हॉल्व्ह कायमचा फसतो: गाडी उचललेली राहते, आणि दीड टन माल असूनही मागचा ब्रेक कमीच मिळतो. पाटा टाकला की व्हॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवून घ्यायलाच हवी.

सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो. ब्रेकचे भाग मात्र डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं. शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरा. बाहेर कुठे गळत नसतानाही ते हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं किट, म्हणजे आतली रबरं, गेलंय; कितीही एअर काढली तरी उपयोग नाही.