तुमच्या वडिलांना झालं असतं तर?

वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करायचं की रेडिएशन, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर असतो, ग्लीसन 9 (गाठ किती आक्रमक आहे याचा 10 पैकी गुण), पीएसए 34 (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन). सोबत आलेला मुलगा चाचरत विचारतो, "डॉक्टर, तुमच्या वडिलांना झालं असतं तर ऑपरेशन केलं असतं की रेडिएशन?" ठाण्यात हा प्रश्न इतक्यांनी विचारला, आणि दर वेळी ओपीडीच्या गर्दीत माझं उत्तर अर्धवट राहिलं. शिवाय मी रेडिएशनचा डॉक्टर. काहीही सांगितलं तरी "हे आपलीच बाजू लावणार" हे समोरच्या चेहऱ्यावर दिसतं. हा संशय रास्तच आहे. सर्जनकडे जाल तेव्हाही तो सोबत न्या.

ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासाची कात्रणं मला दाखवली जातात. 15 वर्षांनंतर ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख, तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले साधारण 3 टक्के. आकडा खरा आहे, पण त्यातले बहुतेक रुग्ण कमी किंवा मध्यम धोक्याचे होते. तुमच्या वडिलांना तो लावता येत नाही. हाय रिस्कमध्ये, म्हणजे त्यांच्यासारख्या जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये, जी तुलना होते ती बहुतेक जुन्या नोंदींवरून. त्यात तरुण, धडधाकट माणसं सर्जनकडे गेलेली असतात आणि हृदयविकारवाले आमच्याकडे. मग ऑपरेशनवाले जास्त जगले, यात चाकूचं श्रेय किती आणि मुळातल्या तब्येतीचं किती?

"एकदाचं काढून टाका" हे वाक्य मीही पूर्वी मान डोलावून ऐकत असे. युक्तिवाद बिनतोड वाटायचा: आधी ऑपरेशन, रेडिएशन राखीव. उलट क्रमात, रेडिएशननंतरचं ऑपरेशन फार अवघड. हे आजही खरं आहे. पण हाय रिस्कमध्ये ही राखीव कुमक किती जणांना बाहेर काढावी लागते, हे सांगायचं राहून जातं.

ती वेळ कशी येते ते सांगतो. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं. आठ-दहा दिवसांनी लघवीची नळी निघते. माणूस दिवसाला चार पॅड बदलत असतो, पण खुशीत असतो, कारण "घाण गेली". मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. गाठ प्रोस्टेटच्या कवचाबाहेर गेलेली, वीर्यकोशात शिरलेली, एक मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी. सहा-आठ आठवड्यांनी पीएसए करतात. तो 0.1 च्या खाली हवा, येतो 0.3. आता पोटाखाली रेडिएशन, सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन. तेही लगेच नाही. लघवीवरचा ताबा जमेल तितका परत येऊ द्यावा लागतो, कारण किरण सुरू झाल्यावर तो सुधारणं अवघड होतं. बायको विचारते, "पण काढलं होतं ना सगळं?" यात सर्जनची चूक शोधू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी आधीच बाहेर पडलेल्या असतात. एका उपचाराच्या तयारीने आलेल्या माणसाला तीन घ्यावे लागतात आणि तिन्हींचे त्रास एकाच अंगावर येतात. हे आधी स्पष्ट सांगितलेलं नसणं, माझ्या मते, सगळ्यात मोठा अन्याय आहे.

आमची बाजू सोपी आहे असं मात्र समजू नका. हाय रिस्कमध्ये नुसतं रेडिएशन पुरत नाही. हार्मोनचं इंजेक्शन दीड ते तीन वर्षं. अंगातून वाफा येतात, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पुरुषाची इच्छाच मावळते. मुलासमोर हा शेवटचा मुद्दा कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. टाटा हॉस्पिटलच्या 2021 च्या अभ्यासात 224 रुग्ण होते, 25 दिवसांचं रेडिएशन. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिलेल्यांत पाच वर्षं पीएसए न वाढलेले 95 टक्के, फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत 81. पण एकूण आयुष्यात फरक दिसला नाही आणि लघवीचे त्रास मात्र वाढले.

आणि रेडिएशनच्या दिवसांतलं रोजचं ते मूत्राशय. आधी रिकामं करायचं, मग ठरलेलं पाणी, बहुधा अर्धा लिटर, आणि पाऊण तास थांबायचं. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात. गुदाशय मात्र रिकामं हवं. त्यात गॅस असला तर प्रोस्टेट पुढे ढकलली जाते आणि स्कॅन बघून आम्ही माणसाला टेबलावरून उतरवतो. टाटाच्या खारघरच्या केंद्रात जायला ठाण्याहून पनवेल लोकल धरणाऱ्यांना सांगतो, पाणी गाडीत पिऊ नका. मशीन अर्धा तास मागे पडलं तर तुम्हाला धरवणार नाही.

तर माझे वडील? 58 वर्षांचे, धडधाकट, लघवी अडत असलेले, आतड्याला जुनी सूज असलेले असते तर सर्जनकडे नेलं असतं. 74 चे, स्टेंट घातलेले असते तर माझ्याकडेच. मधल्या 66 वर्षांच्या माणसाचं मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या मुलाला एवढंच सांगतो की आधी पीएसएमए पेट (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) करून घ्या आणि मग सर्जनला विचारा: एमआरआयमध्ये गाठ कवचाबाहेर दिसते का, आणि ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल असं तुम्ही शंभरातल्या किती जणांना सांगाल?