आंबोली घाट, जुनी पिकअप आणि रेडिएटरचा खालचा पाइप

गडहिंग्लजहून वेंगुर्ल्याला जाऊन काजूची कलमे घेऊन परत येणे हा एका दिवसाचा प्रवास आहे, आणि जुनी गाडी असली तरी तो एका दिवसातच झाला पाहिजे. मला दोन दिवस लागले. उशीर रस्त्यामुळे झाला नाही आणि गाडीच्या वयामुळेही झाला नाही. तो रबराच्या हातभर लांबीच्या एका पाइपामुळे आणि मी विश्वास ठेवलेल्या दोन माणसांमुळे झाला. जुनी पिकअप रोजच्या कामाला वापरणाऱ्यांपैकी ज्यांना पावसाळ्याच्या तोंडावर भरल्या गाडीने घाट चढायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

गाडी 1999 सालची महिंद्राची जीप आहे आणि इंजिन 2523 सीसीचे, डायरेक्ट इंजेक्शनचे आहे. वडिलांनी काही वर्षांनी तिचा मागचा भाग कापून कोल्हापुरात हौदा बांधून घेतला. त्याला लोखंडी चॅनेल आहे, तळाला सागवानी फळ्या आहेत आणि फाळका तिन्ही बाजूंनी उघडतो. ओझे पेलावे म्हणून मागच्या पाट्यांत (स्प्रिंगांत) त्यांनी दोन पाने वाढवून घेतली होती. हा बदल आरसीवर तेव्हाच चढवलेला असल्याने दर वर्षीच्या पासिंगला अडचण येत नाही. आज कोणी असे करू पाहत असेल, तर त्याने आधी आरटीओत विचारावे, कारण जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. आमची गाडी रोज पहाटे दूध पोचवते, दुपारी पेंड आणि खते आणते आणि हंगामात ऊसलावणीचे बियाणे वाहते. वर्षात ती क्वचितच दोन दिवस सलग उभी असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारला निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ले असा उतारावरचा प्रवास रिकाम्या गाडीने निर्धोक झाला. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडून वर इंजिन बंद करण्याची काहींची सवय मला सरळ जिवावर उठलेली वाटते. आमच्या इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागे बसवलेला आहे, त्यामुळे इंजिन थांबले की दोन-तीन दाबांतच पेडल दगडासारखे होते. आल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट तुटला तरी तेच होते, शिवाय वॉटर पंप आणि चार्जिंगही जाते. म्हणून जुना पण शाबूत बेल्ट सीटखाली नेहमी असू द्यावा.

वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्रातून वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची मिळून तीनशे कलमे घेतली. मातीच्या पिशवीसकट एक कलम दोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे हौद्यात सहाशे किलोंचे ओझे झाले. ओल्या गोणपाटाने झाकून दुपारी एकला निघालो. तोपर्यंतचे सगळे चांगले होते आणि त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

दाणोली सोडल्यावर खरा चढ लागतो. समुद्रसपाटीपासून आंबोली जवळजवळ 690 मीटर उंच आहे आणि त्यातला बहुतेक चढ काही किलोमीटरांतच अंगावर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे चढते ठेवून, मी तिसऱ्या मोठ्या वळणापर्यंत आलो तेव्हा पाण्याचा काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसला. गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडले आणि चाळीस मिनिटे थांबलो. तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. माझ्या ओळखीच्या एकाने नेमके तेच केले आणि हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेला.

गार झाल्यावर पाणी भरले आणि उलट उतरून पायथ्याकडच्या एका गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजचे नाव लिहीत नाही. तिथल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत निदान सांगितले: "काका, हेडचं पॅकिंग गेलंय. हेड उतरवावं लागेल, दोन दिवस आणि चौदा हजार." हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधले हे पॅकिंग गेले की पाणी, ऑइल आणि धूर एकमेकांत मिसळू लागतात. मला ते निदान पटले नाही. पॅकिंग गेले असते तर ऑइलच्या काडीवर दुधट फेस दिसला असता, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता, आणि गार इंजिन टोपण काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठले असते. मी हे तिन्ही त्याच्यासमोर तपासून दाखवले आणि एकही लक्षण नव्हते. तेव्हा त्याने सूर बदलून रेडिएटर धुवायचा आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा असे ठरवले, आणि दमलेला असल्यामुळे मी होकार दिला. याचे 2,800 रुपये त्याने घेतले. थर्मोस्टॅट काढणे हा इलाज नाही, हे माहीत असूनही मी थांबवले नाही याचा मला अजून राग येतो. त्याने इंजिन सपाट रस्त्यावर गरजेपेक्षा गार चालते, डिझेल जास्त खाते आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. घाटात त्याचा काही उपयोग होत नाही.

रात्र गॅरेजच्या अंगणातच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चढू लागलो आणि त्याच वळणावर काटा पुन्हा लाल झाला.

तिथे गडहिंग्लजकडचाच एक ट्रक थांबला. चालक साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी हेड, टोपण, पंखा यांतले काहीही विचारले नाही. इंजिन जरा निवल्यावर त्यांनी मला आत बसवले. "पाव्हणं, रेस द्या बघू. अजून. धरून ठेवा." मग मला हाक मारून, चवड्यावर बसून खाली बघायला सांगितले. रेस त्यांनी स्वतः दाबून धरली होती. रेडिएटरच्या तळापासून वॉटर पंपाकडे जाणारा पाइप माझ्या डोळ्यांसमोर आत ओढला गेला आणि रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखा चपटा झाला. रेस सोडताच तो फुगून पुन्हा गोल झाला. पंप पाणी ओढत होता, पाइप मिटत होता आणि इंजिनाला पाणी मिळत नव्हते, आणि हे फक्त फेरे वाढल्यावर होत होते. सपाटीवर इतके फेरे आणि इतके ओझे एकत्र येत नाही. उतारावर फेरे चढतात, पण इंजिन तापत नाही. म्हणूनच रोजच्या दुधाच्या फेरीत आणि सकाळच्या उतरणीत काटा जागचा हलला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने हा पाइप बदलला होता. जुन्या पाइपात तारेची स्प्रिंग होती. नवा साधा, मऊ आणि स्वस्त होता, त्यात स्प्रिंग नव्हती, आणि काढलेली जुनी स्प्रिंग पाइपासोबत भंगारात गेली होती. "तोच आहे, काळजी करू नका," असे त्याने सांगितले होते, आणि बिलात मात्र चांगल्या पाइपाचे पैसे लावले होते.

चालकांनी माझ्याकडची ताडपत्री आवळायची जाड जीआय तार घेतली, जॅकच्या दांड्यावर गुंडाळून वेटोळे केले, पाइप सोडवून आत सरकवले आणि क्लिपा आवळल्या. वीस मिनिटांचे काम होते. माझ्याकडच्या कॅनमधले पाणी भरून पुन्हा रेस दिली तेव्हा पाइप जागचा हलला नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहाही घेतला नाही. आंबोलीपर्यंत काटा निम्म्याच्या वर गेला नाही, आणि त्या शेवटच्या वळणांवर मला इतका आनंद झाला की धबधब्याजवळच्या गर्दीतही मी कोणावर हॉर्न वाजवला नाही.

घाटाला निघण्यापूर्वी ही तपासणी करावीच, आणि ती इंजिन नुसते चालू ठेवून करू नये. गाडी नीट गरम होऊ द्यावी, एकाने रेस धरावी आणि दुसऱ्याने, कपडे आणि हात पंख्यापासून लांब ठेवून, खालच्या पाइपावर नजर ठेवावी. रेस देताना पाइप चपटा होत असेल तर पाइप मऊ आहे किंवा आतली स्प्रिंग नाही, अथवा रेडिएटर गाळाने चोंदला आहे. गाडी बंद करून गार होताना पाइप चपटा होत असेल तर रेडिएटरच्या टोपणातला उलटा व्हॉल्व्ह अडकला आहे, आणि टोपण बदलल्यावर प्रश्न मिटतो. टोपणाने दाब धरला पाहिजे, कारण दाबाखालचे पाणी 100 अंशांवर उकळत नाही. सैल टोपण घेऊन घाट चढू नये.

घाटाच्या पायथ्याला कोणी हेड उतरवायला सांगितले तर वरची तिन्ही लक्षणे त्याच्यासमोर तपासावीत आणि एकही नसेल तर गाडी हलवावी. जुनी गाडी घाटात तापणारच, असे मला दोन्ही मिस्त्रींनी सांगितले आणि ते साफ चूक आहे. नीट पाणी फिरत असेल तर पंचवीस वर्षांचे इंजिनही दुसऱ्या गिअरमध्ये सहाशे किलो घेऊन आंबोली चढते.

गडहिंग्लजला आल्यावर मी कोल्हापूरला जाऊन उद्यमनगरात जाड, कापड भरलेला पाइप स्प्रिंगसह घेतला आणि थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. दोन्हींचे मिळून 1,150 रुपये झाले. तारेचे ते वेटोळे मी फेकले नाही. सीटखाली जुन्या बेल्टसोबत ठेवले आहे. एका दिवसाच्या उशिराने दोन कलमे सुकली, बाकीची पाऊस लागण्याआधी लागवडीत गेली.