नीनो परतला नसता तर

सातारा, रात्री उशिरा

आज 'मलेना' पाहिला. जुझेप्पे तोर्नातोरेचा, २००० सालचा. झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

सिसिलीतलं गाव, जून १९४०. मलेनाचा नवरा नीनो लढाईवर. ती देखणी आणि एकटी, एवढाच तिचा गुन्हा. मास्तर असलेल्या बापाला निनावी पत्र येतं आणि तोही तिला तोडतो. नवरा गेल्याची बातमी येते. काम कुणी देत नाही. मग पोटासाठी तिला जे करावं लागतं, त्याचा बोभाटा तेच गाव करतं. अमेरिकन फौज आल्यावर बायका तिला भर चौकात ओढून मारतात, तिचे केस कापतात.

मला जास्त संताप आला तो बघत उभ्या राहिलेल्या पुरुषांचा. तिच्या दाराशी जाणारे हेच की! एकही पुढे होत नाही. तिच्यावर जीव असलेला रेनातोसुद्धा नाही, पण तो पोरगा आहे. नीनोला खरं काय ते पुढे तोच कळवतो, तेही निनावी पत्रानेच. चहाडीखाली कुणी सही केली नव्हती. खरं सांगतानाही सही करायची छाती त्या गावात कुणाला होत नाही.

नीनो गेल्याची बातमी खोटी ठरते; एक हात गमावून तो परत येतो. तोवर ती गाव सोडून गेलेली असते, आणि तो तिला शोधायला निघतो. वर्षभराने दोघं गावात येतात, आणि बाजारात बायका तिला नमस्कार करतात. अनेकांना त्यात गावाचा पश्चात्ताप दिसतो. मला नाही दिसला. माफी कुठे मागितली कुणी? ती पुन्हा नवऱ्याची बायको झाली, म्हणून तो नमस्कार.

नीनो आलाच नसता तर?

आपला जिल्हा फौजींचा. अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. १९४४ मध्ये मराठा पलटणी इटलीतच लढत होत्या. आजीच्या थोरल्या जाऊबाईंचा (आई त्यांना थोरल्या आत्याबाई म्हणायची) नवरा त्याच महायुद्धात गेला. त्यांना कुणी मारलं नाही, नावं ठेवली नाहीत. पण कामाला निघालेल्या माणसासमोर त्या आल्या, की तो घरात परत येऊन पाणी पिऊन मग निघायचा. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पेपरात ते वाचून आई म्हणाली होती, "थोरल्या आत्याबाई असत्या तर पहिलं कुंकू त्यांना लावलं असतं."

"मग त्या होत्या तेव्हा का नाही लावलंस?"

"सासूबाई होत्या ना घरात," एवढंच म्हणाली.