ब्रॅकी, केमो आणि ५६ दिवसांचं गणित

मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, स्टेज २बी, म्हणजे मुखाच्या बाहेर आजूबाजूला पसरलेला. यात ऑपरेशन नाही करत, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि केमो सोबतच, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही एकदम काऊन, म्हणून ह्यांनी विचारलं तं कळलं की इथं केमोचं औषध, सिस्प्लॅटिन, हे शेकाचं मदतनीस, शेकानं गाठीच्या पेशींचं जे तुटतं ते दुरुस्तच होऊ देत नाही, म्हणून डोस लहान आणि आठवड्यातून एकदा. १९९९ पासून जगभर अशीच जोडी देतात म्हणे.

बाहेरून २५ शेक, सोमवार ते शुक्रवार. शेक काही दुखत नाही, मे महिन्यात मानेवाड्याहून भर उन्हात ऑटोनं जाणं त्याहून कठीण. केमोच्या दिवशी मात्र आधी सलाईन, मग औषध, मग परत सलाईन, कारण ते किडनीवर जातं, आणि दर वेळी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करूनच पुढं. तिसऱ्या केमोनंतर फोडणीचा वास आला की मी गच्चीवर पळायची. चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन पडलं, रक्ताची बाटली लावली, आणि पाचवी केमो प्लेटलेट कमी म्हणून रद्दच झाली. मी रडले तं डॉक्टर म्हणाले, एक केमो राहिली तं चालेल, पण शेक लांबवू नका, सगळं मिळून ५६ दिवसांत संपलं पाहिजे. तेव्हापासून कॅलेंडरवर मीच खुणा करायला लागले.

मग आतला शेक, म्हणजे ब्रॅकी, ४ वेळा, दर वेळी ७ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचं माप). खरं सांगते, भीती याचीच होती. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं, आत नळ्या बसवल्या आणि गॉज भरलं, म्हणजे पोटातली लघवीची पिशवी आणि संडासची जागा शेकापासून लांब राहते. मग सीटी, मग प्लॅनिंग होईस्तोवर हलायचं नाही, बाप्पा ते तीन तास! शेक तं नंतर काही मिनिटांचाच, सगळे बाहेर जातात आणि मशीनमधून तारेच्या टोकाला इरिडियमचा, म्हणजे किरणं सोडणाऱ्या धातूचा, बारीक दाणा (त्यालाच सोर्स म्हणतात) आत येतो नि परत जातो. दर खेपेला वेळ जरासा वाढायचा, मला वाटलं माझंच काही बिघडलं, तं टेक्निशियन पोरगा म्हणे, "काकू, सोर्स म्हातारा होते हो, ७४ दिवसांत जोर अर्धा, म्हणून वेळ जास्त."

जाऊबाईंनी महिनाभर नातवाला माझ्याजवळ नाही येऊ दिलं, अंगातून किरणं निघतात म्हणून. अहो, दाणा मशीनमध्ये परत गेला की आत काहीच राहत नाही! हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा पटलं त्यांना.

५४व्या दिवशी संपलं. सुट्टी देताना सिस्टरनं दार लावून घेतलं आणि हळूच डायलेटर, म्हणजे योनीमार्गात घालायची गुळगुळीत नळी, कसा वापरायचा ते दाखवलं, नाहीतर आतली जागा आक्रसते, तपासणीही अवघड होते. इतके आठवडे गेले, हे कोणी आधी बोललं नव्हतं. ह्यांना बाहेर उभं केलं होतं, मी त्यांनाही आत बोलावलं.